जुन्या लॅपटॉपला एसएसडी बसवावी का? पैसे खर्च करण्याआधी हे तपासा

लॅपटॉपचं बटण दाबलं, चहा करून आणला, तरी स्क्रीनवरचं चक्र फिरतंच आहे. हा अनुभव अनेकांचा आहे. काही वर्षांपूर्वी आपल्याकडे घेतलेल्या कित्येक लॅपटॉपमध्ये '१ टीबी हार्ड डिस्क आणि ४ जीबी रॅम' ही ठरलेली जोडी असायची. आता असा लॅपटॉप दुकानात नेला की एक जण सांगतो, "एसएसडी टाका, नव्यासारखा होईल." दुसरा म्हणतो, "यावर पैसे घालू नका, नवाच घ्या."

दोन्ही सल्ले बरोबर असू शकतात. तुमच्यासाठी कोणता बरोबर, हे ठरतं एकाच गोष्टीवर: तुमचा लॅपटॉप नेमका कशामुळे अडतोय?

हार्ड डिस्क इतकी हळू का?

हार्ड डिस्कमध्ये खरोखरच फिरणारी तबकडी असते. ग्रामोफोनच्या सुईसारखा एक हेड तिच्यावर पुढे-मागे सरकून माहिती वाचतो. लॅपटॉपमधली तबकडी बहुतेक वेळा मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती माहिती हेडखाली येईपर्यंत थांबावं लागतं, आणि हेडला योग्य जागी सरकायलाही वेळ लागतो.

एक मोठा सिनेमा कॉपी करताना हे फारसं जाणवत नाही, कारण माहिती सलग असते. पण विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फायली वेगवेगळ्या ठिकाणांहून वाचाव्या लागतात. अशा विखुरलेल्या जागा हार्ड डिस्क सेकंदाला साधारण शंभरच्या आतच वाचू शकते. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं, माहिती चिपमध्ये असते. त्यामुळे ती अशा जागा सेकंदाला हजारोंनी वाचते. फरक पडतो तो इथेच.

आधी ही चाचणी करा

लॅपटॉप सुरू झाल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स'वर क्लिक करा. डिस्कच्या नावाखाली एचडीडी लिहिलंय की एसएसडी, ते बघा. मग नेहमीची कामं सुरू करा आणि आकडे पाहा.

• डिस्क सतत १०० टक्क्यांवर, प्रोसेसर मात्र निवांत: अडथळा हार्ड डिस्कचा आहे. एसएसडीचा सर्वाधिक फायदा इथे होतो.
• मेमरी ९० टक्क्यांच्या आसपास: रॅम कमी पडतेय. रॅम भरली की विंडोज डिस्कचाच तात्पुरती मेमरी म्हणून वापर करतं. त्यामुळे डिस्कही १०० टक्के दिसू शकते. अशा वेळी फक्त एसएसडी टाकून अर्धंच काम होतं.
• प्रोसेसर सतत १०० टक्क्यांवर: एसएसडीने फारसा फरक पडणार नाही. आधी पंखा धुळीने भरलाय का आणि मागे कुठला अनावश्यक प्रोग्रॅम चालतोय का, ते बघा.
• आधीच एसएसडी आहे: ती भरत आली असेल तर जागा मोकळी करा. नवी घेण्याची घाई नको.

एसएसडीने काय बदलत नाही?

लॅपटॉप सुरू होणं, ब्राउझर किंवा वर्ड उघडणं, अपडेट बसणं हे सगळं लवकर होतं. इंटरनेटचा वेग मात्र वाढत नाही. गेम अडखळत असेल तर तो ग्राफिक्सचा प्रश्न आहे. व्हिडिओ एडिट करून अंतिम फाइल तयार व्हायला लागणारा वेळ मुख्यतः प्रोसेसर आणि ग्राफिक्सवर अवलंबून असतो.

तुमच्या लॅपटॉपमध्ये कोणती बसेल?

जुन्या हार्ड डिस्कच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी बसते. तिचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत जातो. काही लॅपटॉपमध्ये एम डॉट २ नावाचा छोटा स्लॉट असतो, त्यात च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसणारी एसएसडी बसते. इथे एक घोळ होतो. हा स्लॉट साटाचा असू शकतो किंवा एनव्हीएमईचा. पट्टी दिसायला जवळपास सारखीच, पण चुकीची घेतली तर लॅपटॉप ती ओळखणारच नाही. म्हणून मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या वेबसाइटवर आधी खात्री करा.

एनव्हीएमईचे आकडे मोठे असतात, सेकंदाला ३,००० एमबी आणि त्याहूनही जास्त. पण हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर आल्यावर जो फरक जाणवतो, तेवढा साटावरून एनव्हीएमईवर गेल्यावर रोजच्या कामात जाणवत नाही. लॅपटॉपमध्ये फक्त साटाची सोय असेल तर तेवढ्यासाठी निराश होऊ नका.

काही स्वस्त लॅपटॉपमध्ये ३२ किंवा ६४ जीबीची ईएमएमसी मेमरी बोर्डवरच जोडलेली असते. ॲपलच्या एम१ आणि त्यानंतरच्या मॅकबुकमध्येही स्टोरेज बोर्डवरच असतं. ते साध्या दुकानात बदलून मिळत नाही.

विंडोजचा प्रश्न विसरू नका

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० लागतं. इंटेलचा प्रोसेसर असेल तर काही अपवाद सोडता तो आठव्या किंवा पुढच्या पिढीचा हवा. एसएसडी टाकल्याने ही अट पूर्ण होत नाही. लॅपटॉप या अटीत बसत नसेल आणि त्यावर बँकेचे व्यवहार होत असतील, तर त्यावर मोठा खर्च करण्याआधी विचार करा. मुलांचा अभ्यास, टायपिंग आणि व्हिडिओ बघणं एवढाच वापर असेल, तर एसएसडीसोबत लिनक्स हा मोफत पर्याय आहे.

बसवण्याआधी डेटा सांभाळा

नुकसान होतं ते बहुतेक वेळा इथे. दुकानात देण्याआधी फोटो आणि कागदपत्रांची प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर घ्या. हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी महत्त्वाच्या फायली काढा. बिटलॉकर सुरू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा.

जुनी हार्ड डिस्क दुकानात सोडू नका. फायली डिलीट केल्या तरी त्या परत मिळवता येतात, आणि त्यात तुमचं आधार, पॅन, बँकेचं स्टेटमेंट असू शकतं. यूएसबी केस घेतली तर तीच डिस्क फोटोंच्या बॅकअपसाठी वापरता येते. नवी एसएसडी पक्क्या बिलासह आणि वॉरंटीसहच घ्या.

मग निर्णय काय?

• हार्ड डिस्क आहे, ८ जीबी रॅम आहे आणि विंडोज ११ चालतं: एसएसडी नक्की बसवा.
• हार्ड डिस्क आहे, पण रॅम ४ जीबी: एसएसडी आणि रॅम दोन्हींचा एकत्र खर्च काढा. रॅम वाढवायची सोय आहे का, तेही विचारा.
• बॅटरी गेलीय, बिजागर तुटलंय, विंडोज ११ चालत नाही: सगळ्या दुरुस्तीची बेरीज करा. ती नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल तर थांबा आणि ते पैसे नव्यासाठी ठेवा.

साटा एसएसडी घेतली आणि वर्षभराने लॅपटॉपच बंद पडला, तरी ती वाया जात नाही. काढून दुसऱ्या लॅपटॉपमध्ये किंवा यूएसबी केसमध्ये घालून वापरता येते. खर्च करायचा की नाही हे मात्र दुकानात जाण्याआधी टास्क मॅनेजरच्या त्या तीन आकड्यांवरून ठरवा.