पैसा टिकतो कुठे? आपल्या पट्ट्याची दीडशे वर्षं

भाकरी थापता थापता ऐकणाऱ्या, रानात खुरपणीला बसलेल्या आणि कंपनीच्या बसची वाट बघत फोनवर ऐकणाऱ्या सगळ्याजणींना आमचा रामराम.

"बचत करा, उधळपट्टी टाळा" हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की आता ते कानावरून निघून जातं. म्हणून आज उपदेश नको, इतिहास बघू. पिंपरी-चिंचवडपासून चाकण, राजगुरुनगरपर्यंतचा आपला पट्टा आणि आपला पुणे जिल्हा, इथे पैसा कधी आला, कसा गेला आणि कुणाच्या हातात टिकला, एवढंच बघायचं. पुढचं तुम्हीच ठरवाल.

सुरुवात करू आपल्याच जिल्ह्यातल्या सुप्यापासून. 12 मे 1875. सुप्याचा बाजार भरला होता. त्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. त्यांना हवे होते कर्जरोखे आणि खतावण्या. ते कागद बाहेर काढून जाळले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावोगाव पसरलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात.

ही वेळ का आली? त्याच्या दहा-पंधरा वर्षं आधी, 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून आपल्याकडच्या कापसाचे भाव चढले. कधी नव्हे तो पैसा आला. नागपूर-वऱ्हाडाकडे कुणी नांगराला चांदीचे फाळ बसवले, अशा गोष्टी त्या काळच्या सांगतात. सावकारही मोकळ्या हाताने कर्ज देऊ लागले. मग 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले. त्यातच सरकारने शेतसारा वाढवला. सावकारांनी हात आखडता घेतला, जुनी येणी मात्र सुटेनात.

सरकारने चौकशीला आयोग नेमला. तेव्हा बऱ्याच साहेबांचं म्हणणं असं, की शेतकरी लग्नात उधळतो म्हणून बुडतो. आयोगाने हिशेब तपासले आणि वेगळंच लिहिलं. लग्नाचा खर्च खात्यात असतो खरा, पण कर्जाचं मूळ क्वचितच तो असतो. बियाणं, बैल, सारा आणि पोटाला धान्य, यासाठी घेतलेल्या छोट्या छोट्या कर्जांनीच खातं जास्त फुगतं. त्यानंतर 1879 मध्ये शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा झाला.

मैत्रिणींनो, ही गोष्ट आधी सांगितली ती मुद्दाम. कुणी "बायका पैसे उडवतात, म्हणून घर वर येत नाही" असं म्हणालं, तर आधी हिशेब मागा. ठेकेदाराकडचा तुटपुंजा पगार, दवाखान्याचं बिल, शाळेची फी, पडलेला कांद्याचा भाव, ही मोठी भोकं आधी मोजा. साडी आणि टिकल्यांची पाळी नंतर. पण त्याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे. पैसा एकाएकी येतो तेव्हा कर्जही सोपं होतं, आणि सोपं कर्ज वाईट दिवसांत गळ्याशी येतं. हे दीडशे वर्षांपूर्वीही खरं होतं आणि आजही आहे.

लग्नाचा खर्च मूळ नसला तरी त्याचं ओझं असतंच. ते ओळखलं महात्मा फुले आणि सावित्रीबाईंनी. 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह लागला. भटजी नाही, बडेजाव नाही, खर्च अगदी थोडा. यातलं महत्त्वाचं काय? एकट्या बापाने कमी खर्चाचं लग्न केलं तर भावकी नावं ठेवते. दहा घरांनी मिळून तसं ठरवलं, तर तीच रीत होते. खर्चाचा मोह एकटीला आवरत नाही, कारण तो एकटीचा नसतोच. शेजारी, पाहुणे, व्याही, सगळे त्यात असतात. म्हणून त्याचा इलाजही चारचौघींनी मिळून करावा लागतो.

आता चाकणहून तळेगावच्या रस्त्याला लागू. तळेगाव दाभाड्यात पैसा फंड काच कारखाना 1908 मध्ये उभा राहिला. आज आपल्या पट्ट्यात कारखान्यांची गर्दी आहे, पण तेव्हा त्यांतलं काहीच नव्हतं. हा कारखाना कुणा शेठजीच्या तिजोरीतून आला नाही. अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांनी एक कल्पना मांडली, की प्रत्येकाने वर्षाला फक्त एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभा राहावा. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिलं. त्या वेळी रुपयाचे चौसष्ट पैसे. म्हणजे चौसष्ट माणसांपुढे हात पसरावा तेव्हा एक रुपया व्हायचा. तरीही काच वितळवायची भट्टी पेटली आणि इथे शिकलेले कारागीर पुढे दुसरीकडच्या कारखान्यांत गेले.

यात दोन गोष्टी ध्यानात घ्या. रक्कम इतकी लहान होती की "मला जमत नाही" म्हणायला जागाच उरली नाही. आणि पैसा कशासाठी हे आधी ठरलेलं होतं. नाव नसलेला पैसा खर्च होऊन जातो, नाव दिलेला पैसा थांबतो. आपल्या आज्याही हेच करायच्या. डाळीच्या डब्यातले पैसे आखाजीचे, पदराच्या गाठीतले एसटीचे. त्यांना बँक माहीत नव्हती, पण कुठला पैसा कशाचा हे पक्कं माहीत होतं.

त्यानंतर आपल्या पट्ट्याचं रूपच पालटलं. 1954 मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला. 1962 मध्ये एमआयडीसी आली. आकुर्डी, भोसरी, चिंचवडच्या शेतांत शेड उभे राहिले. 1982 मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. मग चाकणची पाळी. कांद्याच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं चाकण मोटारींच्या कारखान्यांचं गाव झालं.

जमिनी गेल्या, पैसा आला. पहिल्या पिढीला कवडीमोल भाव मिळाला, पुढच्यांना गुंठ्यागुंठ्याने लाखो रुपये. "गुंठामंत्री" हा शब्द आपल्याच भागात रूढ झाला. मोठी गाडी, गळ्यात साखळदंडासारखी चेन, गावजेवणाची लग्नं. 2013 मध्ये आपल्या भागातल्या एका गृहस्थाने सोन्याचा शर्ट करून घेतला, त्याची बातमी जगभर छापून आली. चांदीच्या फाळानंतर सोन्याचा शर्ट, एवढाच फरक! गाडी जुनी झाली, बंगल्याचा रंग उडाला आणि ज्या रानात ज्वारी व्हायची तिथल्याच गेटवर पोरगा रखवालदाराची नोकरी मागायला उभा राहिला. अशी घरं आपण सगळ्याजणी ओळखतो.

पण सगळं खापर पुरुषांच्या मोहावर फोडून भागत नाही. कित्येक घरांत सातबाऱ्यावर बाईचं नावच नव्हतं, त्यामुळे पैशाचं काय करायचं हे तिला कुणी विचारलंच नाही. लेकीबाळींना बोलावलं ते हक्कसोडपत्रावर सही करायला. चाकणजवळच्या आंबेठाणला शरद जोशींची शेती होती. त्यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, की नवऱ्याने आपणहून थोडी जमीन बायकोच्या नावावर करावी. 1994 मध्ये महाराष्ट्राच्या कायद्याने आणि 2005 मध्ये देशाच्या कायद्याने लेकीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. ज्या पैशावर आपलं नाव नाही, तो आपण राखणार कसा?

वेगळी वाटही जिल्ह्यात निघाली. हडपसरजवळ मगरपट्ट्यात सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी आपली चारशे एकरांवर जमीन सुटी सुटी विकली नाही. सगळ्यांनी मिळून कंपनी केली आणि जमिनीच्या प्रमाणात भागीदारी घेतली. जमीन पिढीजात उत्पन्न झाली. इथेही तेच दिसतं, की पैसा टिकला तो मिळून केलेल्या नियमामुळे.

आणि आता आपली स्वतःची गोष्ट. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात राजगुरुनगर भागात 1989 मध्ये डॉ. सुधा कोठारी यांच्या पुढाकाराने बायकांचे बचत गट सुरू झाले. त्यातूनच पुढे चैतन्य संस्थेचं काम उभं राहिलं. महाराष्ट्रातल्या बचत गटांच्या चळवळीची ही अगदी सुरुवात. 1992 मध्ये नाबार्डने गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग देशात पाचशे गटांपासून सुरू केला. पुढे माविम आली, उमेद आलं. आज गट म्हटलं की सरकारी योजना डोळ्यांपुढे येते, पण आपल्या तालुक्यात गट योजनेच्या आधीचे आहेत, हे पोरींना सांगायला हवं.

गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब. पाचही ठिकाणी शब्द एकच, नियमित. मन घट्ट करा असं कुठेही लिहिलेलं नाही. ठरलेला वार, ठरलेली रक्कम आणि चार जणींची नजर, यावर बचत चालते. पंधरा जणींनी महिन्याला शंभर टाकले, तर वर्षाला अठरा हजार होतात. त्यातून एकीने पाच हजार दोन टक्क्यांनी घेतले, तर महिन्याचं शंभर रुपये व्याज आपल्याच पेटीत पडतं. फायनान्सवाल्यांचा हप्ता भरला, तर ते व्याज गावाबाहेर जातं. त्यांच्याही बैठकीला पंधरा जणी बसतात, पण ती आपली बचत नव्हे, त्यांची वसुली. दोन्हीला आपण "गट"च म्हणतो, तिथे घोटाळा होतो.

आजचा बाजार आठवड्याचा राहिला नाही. तो फोनमध्ये आहे, रात्री अकरालाही उघडा असतो आणि "आज घ्या, नंतर भरा" म्हणतो. त्याला आपला जुना नियम लावा. वस्तू आवडली, तर वहीत लिहा आणि पुढच्या आठवडी बाजारापर्यंत थांबा. तेव्हाही हवीशी वाटली, तर खुशाल घ्या, त्यात पाप नाही. दुसरं, पगार झाला की बचत आधी काढा, उरलेल्यात घर चालवा. महिनाअखेर काय उरतं ते बघू म्हटलं, तर काही उरत नाही. तिसरं, तो पैसा नजरेआड ठेवा. पोस्टाची बचत बँक 1882 पासून चालू आहे. आवर्ती ठेव महिन्याला शंभर रुपयांपासून उघडते. लेक दहा वर्षांच्या आतली असेल, तर सुकन्या खातं वर्षाला अडीचशे रुपयांवरही चालू राहतं. खात्याचं पुस्तक मात्र तुमच्याच नावाचं, तुमच्याच पेटीत हवं.

पुढच्या बैठकीत एक काम करा. गेल्या महिन्याचा खर्च प्रत्येकीने दोन रकान्यांत लिहून आणा. एकात "टळलाच नसता", दुसऱ्यात "थांबता आलं असतं". कुणी कुणाला हसायचं नाही. पहिला रकाना सगळ्याजणींचा जड निघाला, तर तो ग्रामसभेत न्यायचा, कारण ते दुखणं एकीच्या घरचं नाही. दुसऱ्या रकान्यातून माणशी एक रक्कम ठरवा, कितीही लहान चालेल, आणि तिला नाव द्या.

तळेगावची भट्टी एका एका पैशावर पेटली होती. आपला पैसा कशासाठी, ते तुमच्या गटाने ठरवा आणि आम्हाला कळवा. रामराम.