टोचन : एक शब्द, एक गाडी

बंद पडलेली मोटार दुसऱ्या मोटारीला बांधून ओढत नेण्याला महाराष्ट्रातला चालक 'टोचन' म्हणतो. टोचन लावतात, टोचन करून आणतात, आणि वेळ वाईट असली तर रात्री दोन वाजता घाटात टोचन शोधत फिरतात. शब्द ऐकताच 'टोचणे' आठवते, पण त्याच्याशी याचा काही संबंध नाही. इंग्रजीतली 'टो-चेन', म्हणजे ओढण्याची साखळी, हमरस्त्यावरच्या जिभांवर झिजून टोचन झाली. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात हा शब्द असणे शक्यच नव्हते. मोटारच नव्हती. पंजाबात ट्रॅक्टर एकमेकांना बांधून ओढाओढीची जी जीवघेणी शर्यत लावतात तिलाही टोचनच म्हणतात. तेव्हा हा शब्द कोणा एका भाषेने घडवला असे म्हणण्यापेक्षा तो मालमोटारींच्या रस्त्याने घडवला असे म्हणणे अधिक बरोबर. सरकारने आपल्या परीने दुसरा शब्द दिला होता. १९८९ च्या रस्ता नियमांनुसार ओढल्या जाणाऱ्या वाहनाच्या मागे 'ऑन टो' अशी अक्षरे किमान ७५ मिलिमीटर उंचीची हवी होती, दोन वाहनांतले अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको होते आणि वेग ताशी २४ किलोमीटरच्या वर नको होता. साखळी लोकांनी घेतली, वेगाची मर्यादा घाटात आपोआपच पाळली गेली, आणि 'ऑन टो' ही अक्षरे नियमपुस्तकातच राहिली.

या लेखाचा विषय मात्र शब्दाइतकाच ती ओढणारी गाडी हा आहे. लष्कराने काढून टाकलेली जीप, पिकअप किंवा छोटी मालमोटार लिलावात घ्यायची, तिचा मागचा हौदा उतरवायचा, लोखंडी चॅनलची तिरपी बाही उभी करायची, साखळीची कप्पी टांगायची आणि बाजूला '२४ तास क्रेन सर्व्हिस' असे रंगवून घ्यायचे. असे वाहन पाहिले नाही असा महामार्ग भारतात क्वचितच असेल. ज्या गावांना छावणी आहे, मोठा घाट जवळ आहे आणि कारखानदारीही आहे, तिथे या गाडीला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी एकत्र येतात: माल, गिऱ्हाईक आणि हात. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर हे नाव मिळालेले औरंगाबाद अशांपैकी एक शहर आहे.

गाडीचा पूर्वार्ध कागदोपत्री असतो. लष्करात असेपर्यंत तिला क्रमांक असतो, क्रमांकाआधी वर जाणारा बाण असतो, तिच्या प्रत्येक दुरुस्तीची नोंद असते. लिलावाचा हातोडा पडला की नोंदी संपतात. इतिहासकाराला अडचण येते ती इथून पुढे.

लष्करी वाहनांचा मोठा पूर बाजारात आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. जगभरासाठी अमेरिकेने विलीज आणि फोर्ड मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या होत्या. जपानशी लढणाऱ्या चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीसाठी त्यातल्या अनेक इथे आल्या. त्यांच्याबरोबर डॉजची पाऊण टनी लष्करी पिकअपही आली. चारही चाकांना गती, सहा सिलिंडरचे ९२ अश्वशक्तीचे इंजिन, पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटरचे अंतर, आणि काही गाड्यांच्या नाकाशी इंजिनावरच चालणारी विंच. युद्ध संपल्यावर हे सगळे परत नेणे अमेरिकेला परवडणारे नव्हते. डेपोच्या डेपो विक्रीला निघाले, आणि आपल्या बोलीत 'डिस्पोजलचा माल' हा शब्दप्रयोग आला. त्या उलाढालीचा एक अवशेष कायद्याच्या विद्यार्थ्यांना अजूनही पाठ करावा लागतो. १९४६ मध्ये श्री हनुमान कॉटन मिल्सने टाटा एअरक्राफ्ट कंपनीकडून विमानांचे भंगार दहा लाख रुपयांना घ्यायचे ठरवले, अडीच लाख इसार दिला आणि उरलेली रक्कम भरली नाही. विक्रेत्याने इसार जप्त केला. तो जप्त करता येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये दिला. कापडगिरणी विमानांचे भंगार घेते, यावरून त्या काळी डिस्पोजलच्या मालाची हवा केवढी असेल याची कल्पना करावी.

(भंगार या शब्दापाशी थोडे थांबायला हवे. जुन्या मराठीत 'भांगार' म्हणजे सोने, कोकणीत आजही 'भांगर' म्हणजे सोने. दोन्ही शब्दांचे नाते जोडण्याचा मोह अनावर होतो, पण 'भंग' शब्द समोर दिसत असताना तो आवरलेला बरा. असो.)

युद्धाचे उरलेसुरले घेऊन लोकांनी काय केले, हा जगभरचा प्रश्न होता आणि उत्तरे निरनिराळी आली. फिलिपिन्समध्ये अमेरिकी जीप लांबवून, रंगवून तिची जीपनी झाली, म्हणजे सार्वजनिक वाहन. ब्रिटनमध्ये तोफा ओढणारा एईसी मॅटाडोर अनेक गॅरेजांनी क्रेन बसवून ओढगाडी म्हणून वापरला. तोफ ओढणाऱ्याने पुढे बस ओढावी यात तर्क आहे. मुळात ओढगाडीचा जन्मच घरगुती. १९१६ मध्ये अमेरिकेतल्या चॅटनूगा इथल्या अर्नेस्ट होम्स या गॅरेजवाल्याने ओढ्यात उलटलेली एक फोर्ड मोटार माणसे, दोर आणि ठोकळे लावून मोठ्या कष्टाने बाहेर काढली. त्यानंतर त्याने १९१३ च्या कॅडिलॅकवर तीन खांब, एक कप्पी आणि साखळी बसवली. पुढे त्याच्याच कंपनीच्या क्रेन दुसऱ्या महायुद्धात डायमंड टी या लष्करी मालमोटारींवर बसल्या. म्हणजे गॅरेजातली युक्ती लष्करात गेली आणि लष्करातून भंगारामार्गे पुन्हा गॅरेजात आली. आपल्याकडे त्र्यंबक नारायण आत्र्यांचा 'गावगाडा' १९१५ चा, होम्सच्या गाडीच्या आदल्या वर्षीचा. आत्र्यांनी सुतार-लोहारांसह बलुतेदारांचा जो हिशेब मांडला त्यात मोटारीचा मिस्त्री नव्हता, आणि नंतर तसा हिशेब त्याच्यासाठी कोणी मांडला नाही.

औरंगाबादेत हा मिस्त्री कुठून आला? निजामाच्या राज्यात १९३२ मध्ये रेल्वे आणि रस्ता वाहतूक खात्याने २७ बसगाड्यांनिशी सेवा सुरू केली. बसबरोबर ती दुरुस्त करणारा आलाच. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईत मेजर जनरल ब्रार यांच्या तुकड्या औरंगाबादेत आल्या. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा पुढे चिकलठाण्याला उभी राहिली. दापोडी आणि हिंगणा या तिच्या बहिणी. औद्योगिक वसाहती आल्या, १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला. लेथ, गॅस कटर, वेल्डिंग ही कामे गल्लीत पोचली. भाषाही या वाटेनेच घडली. 'मिस्त्री' पोर्तुगीज, 'उस्ताद' फारसी, 'कमानपाटा' अर्धा फारसी आणि अर्धा मराठी. 'स्टेपनी' तर वेल्समधल्या लनेली गावच्या स्टेपनी नावाच्या रस्त्यावरून आलेली. जादा चाक विकणाऱ्या कंपनीने आपल्या रस्त्याचे नाव त्या चाकाला दिले, इंग्रज ते विसरले, आपण सांभाळले. दखनी उर्दू आणि मराठी ज्या सहजतेने गॅरेजात एकमेकींत मिसळतात, तशी मिसळण शहराच्या साहित्यसंमेलनांत अजून दिसायची आहे.

महायुद्धाच्या गाड्या संपत आल्या तेव्हा जबलपूरच्या गाड्या बाजारात येऊ लागल्या. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना १९५९ मध्ये तिथल्या तोफगाडा कारखान्यात जर्मन कंपनी मानच्या सहकार्याने 'शक्तिमान' मालमोटार तयार होऊ लागली. पुढे निसानच्या परवान्याने एकटनी वाहन आणि 'जोंगा' आली. जोंगा हे नाव म्हणजे जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरिज असेंब्लीची इंग्रजी आद्याक्षरे. चार लिटरच्या आसपासचे पेट्रोल इंजिन, जाड शिडीची चासी, चारही चाकांना गती आणि चढासाठी वेगळा मंद गिअर. १९९९ पर्यंत ती तयार होत होती. पेट्रोल पिण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते, म्हणून खासगी मालकाने पहिली गोष्ट केली ती डिझेल इंजिन बसवण्याची. दुसरी गोष्ट क्रेन.

ही क्रेन बसवणे म्हणजे काय, ते नीट पाहू. डॉजचेच उदाहरण घ्या. दोन आसांत अडीच मीटर अंतर. बाहीचे टोक मागच्या आसाच्या दीड मीटर मागे. तिथे आठशे किलो उचलले तर मागचा आस टेकू होतो आणि पुढच्या चाकांवरचा भार ४८० किलोंनी कमी होतो. हलक्या गाडीचे नाक त्याने जवळजवळ हवेतच येईल, आणि नाक हवेत असलेली गाडी वळत नाही. म्हणून ओढगाडीच्या पुढच्या बंपरवर रेल्वेच्या रुळाचा तुकडा वेल्ड केलेला दिसतो. पाहणाऱ्याला वाटते धडक देण्यासाठी, पण तो तराजूतले वजन आहे. म्हणूनच बाही जितकी आखूड ठेवता येईल तितकी ठेवतात आणि तिचा खांब शक्यतो मागच्या आसावरच उभा करतात. मागचे कमानपाटे वाढवावे लागतात, पण फार वाढवले तर रिकामी गाडी दगडासारखी आदळते आणि बाहीच्या सांध्यांना तडे जातात.

चासीचे शास्त्र याहून नाजूक. चासीच्या चॅनलला भोक पाडायचे तर उभ्या पट्टीत, वरच्या-खालच्या काठात नाही, कारण वाकण्याचा सगळा ताण काठ सोसतात. आडवे वेल्डिंग तर करूच नये, तिथल्या पोलादाचा गुण उतरतो आणि वर्षभराने तिथेच तडा जातो. जोडपट्टीची टोके निमुळती कापतात, म्हणजे ताण एका रेषेत साठत नाही. पुढे गाडी ओढायची वेळ येते तेव्हा आणखी एक शहाणपण. मागची चाके जमिनीवर फिरत राहणार असतील तर आधी प्रोपेलर शाफ्ट सोडवायचा. इंजिन बंद असते, गिअरबॉक्समध्ये तेल नीट फिरत नाही आणि वीस किलोमीटरच्या प्रवासात चांगला गिअरबॉक्स जळतो. निव्वळ साखळीवरच्या टोचनमध्ये मागच्या चालकाचा कस लागतो. त्याच्या ब्रेकला इंजिनाची मदत नसते, आणि साखळी सैल पडली की पुढचा हिसका दोघांनाही बसतो. साखळी ताठ ठेवणे हे त्याचे काम, पुढच्याचे नाही.

हे सारे विस्ताराने सांगण्याचे कारण 'जुगाड' हा शब्द. गेली काही वर्षे व्यवस्थापनाच्या पुस्तकांतून या शब्दाचा भलताच गौरव चालला आहे. मला तो गौरव अपमानकारक वाटतो. जुगाड म्हणजे तात्पुरते, नशिबावर सोडलेले, पाहून हसावे असे काहीतरी. टेकू, भार आणि अंतर यांचा हिशेब तोंडी करणाऱ्या माणसाच्या कामाला जुगाड म्हणणे म्हणजे ओवी रचणाऱ्या बाईला यमक जुळवणारी म्हणण्यासारखे आहे. उलट बाजूही स्वच्छ बोलली पाहिजे. हिशेब चुकला की बाही तुटते, वायररोप सुटतो, आणि सुटलेला वायररोप माणूस कापतो. अशा गाड्यांपैकी काही खरोखरच जुगाड असतात. उत्तम आणि वाईट यांत फरक करणारी समीक्षा आपण कवितेसाठी करतो, ती या कामासाठी केलेली नाही, एवढेच माझे म्हणणे.

डिसेंबर २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे इथल्या एका लोहार कारागिराने भंगारातल्या सुट्या भागांतून लहानशी जीप बनवली. तिची चित्रफीत पसरली, महिंद्र उद्योगसमूहाच्या प्रमुखांनी ती मागून घेतली आणि बदल्यात नवी बोलेरो दिली. जीपची जुळणी करूनच १९४७ नंतर मोठ्या झालेल्या कंपनीने घरगुती जीप संग्रहासाठी घ्यावी, हे सुंदर आहे. पण नियमात बसत नाही म्हणून ती रस्त्यावर चालू नये, हेही त्याच देवघेवीत ठरले. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव, आणि मेनन यांच्यानंतर संरक्षण खाते चव्हाणांकडेच आले. योगायोगावर अधिक भार टाकत नाही.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम निर्मात्याच्या मूळ तपशिलांपासून वेगळे पडणारे बदल मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम कडकपणे वाचले. ओढगाडी कारखान्यातून तयार येत असेल तर तिथूनच घ्यावी, ही भूमिका सुरक्षिततेच्या दृष्टीने चुकीची म्हणता येत नाही. त्यापुढे १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी रद्द होऊ लागली. त्यातून संरक्षणासाठीच्या विशेष वाहनांना सूट मिळाली, पण जुनी गाडी मोडीत निघाली पाहिजे ही दिशा ठरली. जी गाडी पूर्वी लिलावातून मिस्त्रीकडे गेली असती, ती आता अधिकाधिक कापणी केंद्राकडे जाणार.

ऋत्विक घटक यांच्या १९५८ च्या 'अजांत्रिक' चित्रपटात जुनाट शेवरोलेवर जीव टाकणारा टॅक्सीवाला आहे. सुबोध घोष यांच्या बंगाली कथेवरून तो घेतला आहे. तिथेही गाडी शेवटी भंगारात जाते. मराठीत बैलावर, गाडीवानावर, एसटीवरही लिहिले गेले. बंद पडलेल्याला ओढून आणणाऱ्यावर मात्र फारसे कोणी थांबले नाही. त्याची वेळ रात्रीची असते आणि त्याच्याकडे आपण संकटातच पाहतो, हे एक कारण असावे.

कन्नडजवळचा औट्रम घाट सोलापूर-धुळे महामार्गावर आहे. खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स आउट्रमचे नाव तिथल्या बोलीत असे स्थिरावले. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस दरडी कोसळून तो बंद पडला होता. पुढे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानंतर ऑगस्ट २०२३ पासून जड वाहनांना तिथून जाण्याची मनाई झाली. विद्यापीठाच्या मराठी आणि इतिहास विभागांपासून हा घाट मोटारीने फार तर दोन तासांवर आहे, आणि चिकलठाण्याची कार्यशाळा त्याहून कितीतरी जवळ. वहीत उतरवायला बाहीची लांबी, कोन, चॅनलची जाडी, बंपरवरच्या रुळाचे वजन आणि या प्रत्येकासाठी गॅरेजात चालणारा शब्द, एवढे तरी आज हाताशी आहे.