६१७४ : कापरेकर स्थिरांक

६१७४ ही चार अंकी संख्या जगभरात 'कापरेकर स्थिरांक' या नावाने ओळखली जाते. नाशिकजवळील देवळाली येथील शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी तिचा विलक्षण गुणधर्म शोधून काढला.

कृती सोपी आहे. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक प्रथम उतरत्या व नंतर चढत्या क्रमाने मांडावेत आणि मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी. उत्तरावर हीच कृती पुन्हा करावी. शून्य आल्यास तेही अंक म्हणून धरावे. अधिकाधिक सात पायऱ्यांत ६१७४ येते. ७६४१ मधून १४६७ वजा केल्यास पुन्हा ६१७४ च उरत असल्याने पुढे बदल होत नाही.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याचे वर्ष १७७६ घेतल्यास ६०८४, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४ असा क्रम मिळतो. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचे वर्ष १९६० घेतले, तरी बरोबर सातच पायऱ्या लागतात.

यामागील कारण बीजगणितात आहे. उतरत्या क्रमातील अंक अ, ब, क, ड मानल्यास वजाबाकी नेहमी ९९९(अ−ड) + ९०(ब−क) एवढी येते. म्हणजे उत्तर केवळ दोन फरकांवर अवलंबून असते. पहिला फरक १ ते ९ मधील असतो आणि दुसरा त्याहून मोठा असू शकत नाही. त्यामुळे फक्त ५४ शक्यता उरतात व त्या एकेक करून तपासता येतात.

तीन अंकी संख्यांसाठी असा स्थिरांक ४९५ आहे. दोन अंकी संख्या मात्र ९, ८१, ६३, २७, ४५ या चक्रातच फिरत राहतात. पाच अंकी संख्यांनाही स्थिरांक नाही.

कापरेकरांनी पदव्युत्तर शिक्षण घेतलेले नव्हते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकल्यानंतर १९३० ते १९६२ पर्यंत त्यांनी देवळालीत अध्यापन केले. या संख्येवरील त्यांचे टिपण १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या येशिव्हा विद्यापीठातून निघणाऱ्या 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकात छापून आले. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात कापरेकरांच्या कार्याची ओळख करून दिली आणि त्यांचे नाव सर्वदूर पोहोचले.

६१७४ च्या अंकांची बेरीज १८ असून १८, १८ चा वर्ग आणि १८ चा घन यांची बेरीज ६१७४ च भरते. तिला १८ ने भागल्यास ३४३, म्हणजेच ७ चा घन, मिळतो. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या अशा संख्यांना कापरेकरांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणाऱ्या, असे नाव दिले होते. ऑरेगॉन विद्यापीठातील गणितज्ञ आयव्हन निवेन यांनी १९७७ मध्ये एका व्याख्यानात याच संख्यांचा विषय मांडला. तेव्हापासून त्या 'निवेन संख्या' म्हणूनही ओळखल्या जातात. हर्षद संख्यांना अशी दोन नावे मिळाली. ६१७४ मात्र आजही देवळालीच्या शिक्षकाच्याच नावाने ओळखली जाते.