वृद्धाश्रमाचा खर्च भागवायचा कसा?

वृद्धाश्रम दोन प्रकारचे : अनुदान-देणगीवर चालणारे मोफत आणि महिन्याला पैसे घेणारे. पैसे भरण्याआधी अनामत परत मिळते का, औषधपाणी त्यातच धरलंय का आणि माणूस अंथरुणाला खिळलं तरी ठेवतात का, हे लेखी घ्यावं.

६५ वर्षांवरील निराधारांना श्रावणबाळ योजनेतून महिना १,५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात करावा. तेवढ्यात भागत नाही. मुलं सांभाळत नसतील तर २००७ च्या कायद्यानुसार प्रांताधिकाऱ्यांकडील न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. वकील लागत नाही. दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह भत्ता मिळू शकतो.

शेत मुलाच्या नावावर करताना बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट लिहूनच घ्यावी. अट मोडली, तर ते याच न्यायाधिकरणाकडून रद्द करून मागता येतं.