स्मार्टवॉच घेताना : बॅटरी महत्त्वाची की फीचर्स?

२०१८ साली आलेल्या अ‍ॅपल वॉच सिरीज ४ च्या मोठ्या मॉडेलमध्ये सुमारे २९२ एमएएचची बॅटरी होती आणि ती १८ तास पुरेल, असे कंपनी सांगत होती. त्याच सुमारास भारतात मिळू लागलेल्या अमेझफिट बिपची बॅटरी होती जेमतेम १९० एमएएचची, पण कंपनीचा दावा होता महिनाभराचा. म्हणजे बॅटरी मोठी असली की घड्याळ जास्त चालते, हा हिशेब इथे लागू पडत नाही. खरा प्रश्न आहे तो घड्याळ ती वीज कशावर खर्च करते, हा.

सर्वांत मोठा खर्च स्क्रीनचा आणि आतल्या ऑपरेटिंग सिस्टीमचा. बिपची स्क्रीन बाहेरच्या उजेडावरच वाचता यायची, त्यामुळे ती सतत चालू ठेवूनही फारसे बिघडत नसे. अ‍ॅपलचे वॉचओएस किंवा गूगलचे वेअर ओएस म्हणजे मनगटावरचा छोटा मोबाइलच. त्यात वेगळी अ‍ॅप्स टाकता येतात, मेसेजला उत्तर देता येते, आणि त्याची किंमत रोजच्या चार्जिंगने मोजावी लागते. दोन-तीन हजारांच्या घड्याळांत साधी, हलकी सिस्टीम असते, म्हणून ती आठवडाभर चालतात.

खोक्यावर लिहिलेल्या ‘७ दिवसांपर्यंत’ या शब्दांतला ‘पर्यंत’ नीट वाचा. ब्लूटूथवर कॉल घ्यायला लागलात, स्क्रीन कायम उजळती ठेवलीत किंवा रोज जीपीएस लावून कृष्णा घाटापर्यंत पळायला गेलात, की त्या सातांचे दोन-तीन दिवस होऊ शकतात. सिमवर चालणारे घड्याळ तर त्याहून खादाड.

मिरजेत हा प्रश्न दोन ठिकाणी प्रत्यक्ष समोर येतो : रेल्वेत आणि दवाखान्यात. मिरज जंक्शनवरून गोवा एक्सप्रेसने दिल्लीला निघालात तर चोवीस तासांहून जास्त वेळ गाडीत जातो. १८ तासांचे घड्याळ वाटेतच मान टाकणार, आणि डब्यातला चार्जिंगचा पॉइंट तेव्हा मोकळा असेलच असे नाही. कामानिमित्त वरचेवर प्रवास असेल, तर चार-पाच दिवस चालणारे साधे घड्याळ बरे.

दवाखान्याची गोष्ट जास्त गंभीर आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केल्यापासून मिरज उपचारांसाठी ओळखली जाते. कर्नाटकातूनही पेशंट इथे येतात. अशा गावात मुलांनी आईवडिलांना ‘तब्येतीवर लक्ष राहील’ म्हणून घड्याळ घेऊन देणे साहजिक आहे. पण इथे फीचर्सची यादी फसवी ठरू शकते. रक्तातली साखर सुई न टोचता मोजणाऱ्या एकाही घड्याळाला आपण मंजुरी दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. त्या आकड्यावर इन्सुलिनचा डोस ठरवणे जिवावर बेतू शकते. रक्तदाबाचेही जपून. सॅमसंगसारखी कंपनीसुद्धा आपले घड्याळ दर चार आठवड्यांनी दंडाला पट्टा बांधायच्या मशीनशी जुळवून घ्यायला सांगते; स्वस्त घड्याळ काहीही न जुळवता आकडा दाखवते, तेव्हा तो आकडा करमणुकीचाच समजावा.

ईसीजी खरोखर उपयोगी पडू शकतो, पण मर्यादित. मनगटावरचा ईसीजी एकाच लीडचा असतो. ठोक्यांची अनियमितता तो दाखवू शकतो, हार्ट अ‍ॅटॅक ओळखू शकत नाही. शिवाय ही अनियमितता येते-जाते. रात्री घड्याळ चार्जरवर पडलेले असेल तर रात्रीची नोंदच नाही. रोजचे घड्याळ घ्यायचेच असेल तर अंघोळ आणि चहाच्या वेळेत, तासाभरात भरपूर चार्ज होणारे निवडा. विसराळू माणसासाठी मात्र आठवड्याला एकदाच चार्ज होणारे, पडल्यावर घरच्यांना कळवणारे घड्याळ असेल तर ते पाहावे, भले त्यात ईसीजी नसो.

बॅटरीचे वयही मोजा. अ‍ॅपलच्या म्हणण्यानुसार त्यांच्या घड्याळाची बॅटरी १,००० पूर्ण चार्जनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंत येते. रोज एक पूर्ण चार्ज धरला तर हे तीन वर्षांच्या आतच होते, म्हणजे १८ तासांचे साधारण १४ तास उरतात. स्वस्त घड्याळांची बॅटरी बदलून घेणे बहुधा परवडत नाही.

दुकानात आणखी एक विचारा : चार्जर सुटा मिळतो का? प्रत्येक कंपनीचा चुंबकी चार्जर वेगळा, मोबाइलचा चालत नाही, आणि तो हरवला की बॅटरी कितीही दिवसांची असो, घड्याळ कपाटात जाते.