लग्न, स्थलांतर आणि बाळंतपण : वाराणसीतील मराठी कुटुंबांसाठी योजनांची माहिती

सासर वाराणसीत, माहेर सांगली जिल्ह्यात आणि पहिले बाळंतपण माहेरी. अशा बाळाच्या जन्मानंतर कोणत्या राज्याच्या योजनेसाठी अर्ज करायचा, हा प्रश्न वाराणसीतील अनेक मराठी कुटुंबांना पडतो. ब्रह्माघाट, दुर्गाघाट परिसरातील जुनी मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या काशीचीच झाली आहेत. त्यांच्यापुढे ही अडचण सहसा येत नाही. सोने-चांदी गलाईच्या व्यवसायासाठी विटा, खानापूर, आटपाडी या भागातून आलेल्या कुटुंबांचे घर मात्र आजही दोन ठिकाणी असते. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

कोण स्थलांतर करते, यावर बरेच अवलंबून असते

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ४५ कोटी लोक स्थलांतरित म्हणून नोंदले गेले. त्यांतील सर्वांत मोठे कारण नोकरी नव्हते, लग्न होते. सासरी जाणारी मुलगी ही आपल्या देशातली सर्वांत मोठी स्थलांतरित आहे, पण तिला कोणी स्थलांतरित म्हणत नाही. योजनांचे अर्ज भरताना नेमकी तिचीच कागदपत्रे अडतात.

कामासाठीच्या स्थलांतराचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि त्यांचे परिणामही वेगवेगळे होतात. पूर्व उत्तर प्रदेशातून पुरुष बहुधा एकटा मुंबईला किंवा सुरतला जातो, पत्नी गावी राहते. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जोडपे जाते. तिथे मजुरीचा हिशोब 'कोयत्या'वर होतो, एक कोयता म्हणजे नवरा-बायको. मुकादमाकडून मिळणारी उचलही कोयत्यावर ठरते. त्यामुळे मुलाचे लग्न लवकर झाले तर घरात एक कोयता वाढतो. शिवाय हंगामात आई-वडील सहा-सहा महिने बाहेर असतात. वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची, ही भीती असतेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार बीडमध्ये २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४३.७ टक्के स्त्रियांचे लग्न १८ वर्षांच्या आत झाले होते.

गलाई कुटुंबांचा प्रकार तिसरा आहे. मुलगा कोवळ्या वयात नातेवाइकाच्या भट्टीवर काम शिकायला येतो. हात बसला, थोडे भांडवल जमले, की स्वतःचे दुकान टाकण्याचा विचार होतो आणि लग्नाची बोलणी त्यानंतर सुरू होतात. मुलगी बहुधा गावाकडचीच पाहिली जाते. लग्नानंतर ती काही काळ सासू-सासऱ्यांजवळ गावी राहते, मग वाराणसीला येते. पुढे मुले शाळेच्या वयाची झाली, की पुन्हा प्रश्न उभा राहतो: इथे हिंदी शाळेत घालायचे, की गावी पाठवायचे?

आकडे काय सांगतात

याच सर्वेक्षणात संपूर्ण महाराष्ट्रात १८ वर्षांच्या आत लग्न झालेल्या स्त्रियांचे प्रमाण २१.९ टक्के होते. उत्तर प्रदेशात ते १५.८ टक्के होते. अनेकांना हे उलटे वाटेल. पण एका स्त्रीमागे सरासरी मुले पाहिली तर महाराष्ट्रात १.७ आणि उत्तर प्रदेशात २.४ आहेत. म्हणजे लवकर लग्न आणि जास्त मुले ही जोडी अपरिहार्य नाही. महाराष्ट्राच्या काही भागांत लग्न लवकर होते, दोन मुले लवकर होतात आणि लगेच शस्त्रक्रिया केली जाते. त्यात कमी वयातील गर्भारपणाचा धोका तसाच राहतो.

उत्तर प्रदेशातही मुलांची संख्या झपाट्याने घटली आहे. २००५-०६ मध्ये हीच सरासरी ३.८ होती. ही घट एखाद्या योजनेच्या पैशामुळे झाली असे म्हणता येत नाही, आणि पाच हजार रुपयांसाठी कोणी मूल होऊ देत नाही. योजनांचा परिणाम दिसतो तो बाळंतपण कुठे होते यावर. जननी सुरक्षा योजना एप्रिल २००५ मध्ये सुरू झाली. त्या सुमारास उत्तर प्रदेशात सुमारे २१ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होत होती. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ८३.४ टक्क्यांवर पोहोचले.

केंद्राच्या योजना : दोन्ही राज्यांत चालतात

प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. गर्भारपणाची नोंदणी आणि किमान एक तपासणी झाल्यावर ३,००० रुपये, आणि बाळाची जन्मनोंदणी व लसीकरणाचा पहिला टप्पा पूर्ण झाल्यावर २,००० रुपये. दुसरे अपत्य मुलगी असल्यास जन्मानंतर ६,००० रुपये एकरकमी मिळतात. शिधापत्रिका, ई-श्रम कार्ड, आयुष्मान कार्ड किंवा ८ लाखांपेक्षा कमी कौटुंबिक उत्पन्न यांपैकी कोणत्याही एका आधारे पात्रता ठरू शकते. बाळाच्या जन्मापासून २७० दिवसांच्या आत अर्ज करावा. पतीचे आधार कार्ड आता सक्तीचे नाही, त्यामुळे पतीपासून वेगळ्या राहणाऱ्या किंवा एकट्या मातेलाही अर्ज करता येतो.

नोंदणी वाराणसीत झाली आणि बाळंतपणासाठी माहेरी गेलात, तरी लाभ बुडत नाही. माता-बाल संरक्षण कार्ड मात्र सोबत न्या आणि तिकडच्या अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना दाखवा. दुसऱ्या गावी नव्याने पहिली नोंदणी करू नका. एकाच आधार क्रमांकावर दोन नोंदी दिसल्या की पैसे अडकतात.

जननी सुरक्षा योजनेची रक्कम राज्यानुसार वेगळी आहे. उत्तर प्रदेशात सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या ग्रामीण मातेला १,४०० रुपये आणि शहरी मातेला १,००० रुपये मिळतात. महाराष्ट्रात ही रक्कम ७०० आणि ६०० रुपये आहे आणि ती दारिद्र्यरेषेखालील, अनुसूचित जाती व जमातीच्या मातांनाच मिळते. पण चारशे-सातशे रुपयांच्या फरकासाठी बाळंतपणाचे ठिकाण बदलू नये. ज्या घरी बाळंतिणीची काळजी घेणारे माणूस आहे, तेच ठिकाण योग्य.

राज्याच्या योजना : इथे एकच राज्य निवडावे लागते

उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्री कन्या सुमंगला योजनेत मुलीच्या जन्मापासून पदवी किंवा पदविकेच्या प्रवेशापर्यंत सहा टप्प्यांत एकूण २५,००० रुपये मिळतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपर्यंत असावे आणि जास्तीत जास्त दोन अपत्ये असावीत. दुसऱ्या बाळंतपणात जुळे झाल्यास सवलत आहे.

या योजनेच्या हिंदी माहितीत 'स्थायी निवास प्रमाण पत्र' असे शब्द आहेत. 'स्थायी' वाचले की आपली माणसे माघार घेतात, कारण आपले कायमचे घर गावी आहे असेच प्रत्येकाच्या मनात असते. इथे त्या शब्दाचा अर्थ तितका कडक नाही. वाराणसीच्या पत्त्याची शिधापत्रिका, आधार, मतदार ओळखपत्र, वीजबिल किंवा टेलिफोन बिल चालते.

महाराष्ट्राच्या लेक लाडकी योजनेत १ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीला टप्प्याटप्प्याने १,०१,००० रुपये मिळतात. त्यातले ७५,००० रुपये ती १८ वर्षांची झाल्यावर मिळतात. रक्कम मोठी दिसते, पण अटीही कडक आहेत: पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका, वार्षिक उत्पन्न १ लाख रुपयांपर्यंत, कुटुंब महाराष्ट्राचे रहिवासी आणि बँक खातेही महाराष्ट्रातच. शिवाय दुसऱ्या अपत्यानंतर कुटुंब नियोजन केल्याचे प्रमाणपत्र लागते. वाराणसीत राहून गावच्या पत्त्यावर अर्ज केला, तर पुढे पहिली, सहावी आणि अकरावीच्या वेळी मुलगी कुठे शिकते हा प्रश्न येणारच.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेतही रहिवासाची अट आहे. पती वाराणसीत आणि पत्नी गावी राहत असेल, तर इतर अटी पूर्ण झाल्यास ती पात्र ठरू शकते. वाराणसीची मुलगी लग्न होऊन सांगलीला गेली असेल, तर तिच्याकडे महाराष्ट्रातील जन्मदाखला नसतो. अशा वेळी पतीचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा अधिवास प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते. दरमहा १,५०० रुपयांसाठी सुनेला गावीच ठेवण्याचा हिशोब काही घरांत होतो. भाडे आणि दोन चुलींचा खर्च धरून तो पुन्हा करून पाहावा, आणि तिचे मतही विचारावे.

दोन अफवा

उत्तर प्रदेशात दोनपेक्षा जास्त मुले असल्यास सर्व योजना बंद होतात, हे खरे नाही. जुलै २०२१ मध्ये राज्य विधी आयोगाने तसा मसुदा प्रसिद्ध केला होता, त्याचा कायदा झालेला नाही. दोन अपत्यांची अट ज्या योजनेत लिहिली आहे, तिथेच ती लागू होते.

मुलींच्या लग्नाचे वय २१ झाले, हेही खरे नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत तसे विधेयक मांडले गेले, पण २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपल्याने ते रद्द झाले. आजही मुलीसाठी १८ आणि मुलासाठी २१ हेच वय आहे.

जन्माची नोंद आणि नाव

बाळाची जन्मनोंद जिथे जन्म झाला तिथेच होते. बाळ विट्यात जन्मले असेल तर वाराणसी महानगरपालिका दाखला देणार नाही, आणि याच्या उलटही तेच. २१ दिवसांच्या आत नोंद करून घ्या. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा आहे.

आईच्या आधारवर माहेरचे नाव, बँक खात्यावर सासरचे आणि जन्मदाखल्यावर तिसरेच, असे असेल तर अर्ज परत येतो. लग्नानंतर नाव बदलायचे असल्यास विवाह नोंदणीचा दाखला घेऊन आधी आधार, मग बँक, या क्रमाने बदला. नाव बदलायचे नसेल तरी चालते. मग सगळीकडे माहेरचेच ठेवा आणि बाळाच्या दाखल्यावर आईचे नाव तसेच लिहायला सांगा.