पश्चिमेची भिंत आणि सिमेंटचा पत्रा

दाभोळ खाडीच्या काठावर आमचे घर आहे. जांभ्या चिऱ्याचे, अब्बांनी बांधलेले. कोकणात घर बांधणाऱ्याला सगळ्यात जास्त काळजी असते ती पश्चिमेच्या भिंतीची. पावसाची झड त्याच बाजूने येते. चिरा पाणी पितो. ऑगस्ट उजाडेपर्यंत आतल्या गिलाव्यावर ओल उतरते आणि कपाटामागे बुरशी धरते. म्हणून पूर्वी मे महिन्यात झावळ्यांचे झाप विणून त्या भिंतीला बांधत. पाऊस संपला की झाप चुलीत जात.

पुढे मोहल्ल्यात आखाती देशांचा पैसा आला आणि झापांच्या जागी सिमेंटचे नालीदार पत्रे आले. मशिदीच्या वजूखान्यावर तेच, गोठ्यावर तेच. आमच्या भिंतीवर पत्रे बसले तो दिवस मला आठवतो. सुतार अंगणात करवतीने पत्रे कापत होता. सगळीकडे पांढरी भुकटी पसरली होती आणि आम्ही पोरे तिच्यात बोटाने आपापली नावे लिहीत होतो. संध्याकाळी अम्मीने केरसुणीने अंगण झाडून घेतले.

यंदा ते पत्रे बदलायची वेळ आली. दुकानदार म्हणाला, "फायबर सिमेंटचा बोर्ड घ्या. वाळवी नाही, गंज नाही."

मी विचारले, "फायबर कसला?"

"फायबर म्हणजे फायबर, भाईजान!"

या एका प्रश्नामागे शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. तो दुकानदाराला ठाऊक नाही आणि परवापर्यंत मलाही नव्हता.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ऑस्ट्रियात लुडविग हाट्शेक नावाच्या कारखानदाराने एक युक्ती काढली. कागद करतात तसा सिमेंट आणि अ‍ॅसबेस्टॉसच्या तंतूंचा पातळ लगदा करायचा, फिरत्या जाळीवर त्याचा पापुद्रा धरायचा आणि थरावर थर चढवून पत्रा तयार करायचा. पत्रा हलका, स्वस्त, न कुजणारा आणि न जळणारा. त्याने नाव ठेवले 'एटर्निट'. लॅटिन भाषेतल्या 'चिरंतन' या अर्थाच्या शब्दावरून घेतलेले.

पत्रा चिरंतन ठरला, पण तो बनवणारी माणसे तशी नव्हती. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी नेली केरशॉ ही अ‍ॅसबेस्टॉस कामगार १९२४ साली वारली. तिच्या फुफ्फुसांत अ‍ॅसबेस्टॉसचे कण सापडले. १९३० मध्ये तिथल्या सरकारी पाहणीने हा रोग धुळीनेच होतो हे मांडले आणि पुढच्याच वर्षी धूळ आवरण्याचे नियम झाले.

आता पुढची तारीख बघा. १९३४ मध्ये टर्नर अँड न्यूऑल या ब्रिटिश कंपनीने मध्य प्रांतातल्या कैमोर इथे अ‍ॅसबेस्टॉस सिमेंटचा कारखाना उभारला. नेली केरशॉ ज्या कारखान्यात राबली तो याच उद्योगसमूहातला. म्हणजे धोका काय आहे हे विलायतेत कागदावर उतरल्यानंतर तो पत्रा आपल्याकडे आला. राज्यकर्त्यांच्या बोटीतून माल आला, पण त्याच्याबरोबर यायला हवी होती ती सावधगिरी तिकडेच राहिली.

ऑस्ट्रेलियाची गोष्टही अशीच आहे. तिथे या पत्र्याला 'फायब्रो' म्हणत आणि गरीब-मध्यमवर्गीयांची असंख्य घरे त्याचीच. जेम्स हार्डी कंपनीच्या कारखान्यात काम केलेले बर्नी बँटन आजारी कामगारांच्या भरपाईसाठी नाकाला प्राणवायूची नळी लावून लढले आणि २००७ साली त्याच रोगाने गेले. त्याच देशात १९८० च्या दशकात अ‍ॅसबेस्टॉसऐवजी लाकडाच्या लगद्याचा तंतू वापरून पत्रे होऊ लागले. सिमेंट, वाळू आणि हा तंतू दाबाच्या वाफेत शिजवायचा. आज जगभर घरांच्या बाहेरच्या भिंतींना लावतात तो फायबर सिमेंट बोर्ड हाच. २००३ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियाने अ‍ॅसबेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. अ‍ॅसबेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षे ठेवा, असा आदेशही दिला. कारण रोग उमटायला दशके लागतात. बंदी मात्र आली नाही. पांढरे अ‍ॅसबेस्टॉस परदेशातून येत राहिले आणि नालीदार पत्र्यांत जात राहिले. म्हणून "फायबर कसला?" हा प्रश्न विचारावाच लागतो.

तंतू बदलला म्हणजे सगळे झाले असेही नाही. न्यूझीलंडमध्ये १९९० च्या दशकात बांधलेली हजारो घरे आतून कुजली. बाहेरचे आवरण, त्यात फायबर सिमेंटही होते, थेट लाकडी सांगाड्यावर ठोकलेले. फटीतून आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नव्हती. मग तिथे धोक्याच्या ठिकाणी आवरणामागे पोकळी ठेवणे नियमात आले. आमच्या झापांमागून वारा आपोआप खेळत असे. आजोबांना जे सवयीने साधले, ते तिथे नुकसान सोसून शिकावे लागले.

शेवटी मी दुसऱ्या दुकानातून लाकडी तंतूचा बोर्ड घेतला. बिलावर 'अ‍ॅसबेस्टॉस नाही' असे लिहून घेतले आणि भारतीय मानक १४८६२ प्रमाणे बाहेरच्या वापराचा 'अ' प्रकार मागितला. भिंतीवर उभ्या पट्ट्या मारून मागे बोटभर पोकळी ठेवली. पाणी निथळावे म्हणून तळ उघडा, उंदीर शिरू नयेत म्हणून तिथे जाळी. बोर्ड जमिनीपासून वीतभर वर. कापलेल्या कडा रंगाने बंद केल्या, कारण हा बोर्ड कुजत नसला तरी उघड्या कडेतून पाणी पितो. कापताना उडणारी वाळूची बारीक धूळही फुफ्फुसाला वाईटच. सुताराला मास्क दिला आणि बोर्डावर पाणी मारत काम करून घेतले. तो हसला, पण मास्क काढला नाही.

जुने पत्रे न फोडता, ओले करून उतरवले आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून घरामागे ठेवले आहेत. अशा कचऱ्याची सोय गावात नाही. ग्रामपंचायतीला अर्ज दिला आहे. परवा शेजारच्या चाचींनी कोंबड्यांच्या खुराड्यासाठी त्यातले दोन मागितले. आजवर मोहल्ल्यात कुणी काही मागितले आणि मी नाही म्हटले, असे झाले नव्हते. या वेळी म्हटले. त्या रागावून गेल्या. खुराड्यापाशी त्यांची नातवंडे खेळतात, हे त्यांना समजावून सांगायला उद्या जाणार आहे.